नायगावहून आष्ट्याला

शिरवळच्या फाट्यावर एसटी जेमतेम टेकते. सामान पोटाशी धरून उतरायचं आणि पुढची सोय आपली आपण बघायची. नायगावकडे वडाप जातं, पण भरल्याशिवाय हलत नाही, आणि ‘भरलं’ कशाला म्हणायचं हे ड्रायव्हर ठरवतो. बाजाराच्या पिशव्या, दूधवाल्याची रिकामी कॅन आणि मांडीवर दप्तर घेतलेला एक मुलगा यांच्यात मी कशीबशी मावले. शिरवळ आता कारखान्यांचं गाव आहे. महामार्गाच्या दोन्ही अंगांना कंपन्यांच्या भिंती. मला मात्र जुनं बाजाराचं शिरवळ डोळ्यांसमोर आणायचं होतं. कारण सावित्रीबाई फुल्यांची एक आख्यायिका इथल्याच बाजारात घडते. लहानगी सावित्री बाजाराला आली असताना तिला मिशनरी मंडळी भेटली, त्यांनी एक चित्रांचं पुस्तक दिलं, ते बापाने बाहेर भिरकावलं. तिने ते गुपचूप उचलून जपून ठेवलं आणि लग्नानंतर सासरी घेऊन गेली. वाचता येत नसताना जपलेलं पुस्तक! खरं-खोटं बाजूला ठेवू. लेखिकेच्या चरित्राला याहून चांगली सुरुवात मला तरी सुचली नसती.

लेखिका हा शब्द मी मुद्दाम वापरला. मी निघाले होते ते राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या दोन मराठी लेखिकांची गावं बघायला. एक कवयित्री, एक कादंबरीकार. इंग्रजी वाङ्मयाच्या तासाला आम्हाला व्हिक्टोरियन म्हणजे ब्राँटे भगिनी, डिकन्स, टेनिसन, हार्डी एवढेच शिकवले. यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावी ब्राँटे बहिणींचं घर बघायला जगभरातून माणसं जातात. त्या काळात राणीची सत्ता शिरवळच्या नीरेपर्यंतही पोहोचली होती आणि नीरेच्या अल्याड-पल्याडही बायका लिहीत होत्या, हे कुणी सांगितलं नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरचा. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी लग्न. नवरा जोतिराव तेराचा, मूळचा सातारा जिल्ह्यातल्याच कटगुणच्या घराण्यातला. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा. इथवर सगळ्यांना पाठ असतं. १८५४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिचा ‘काव्यफुले’ हा संग्रह छापून आला, हे सांगितलं की लोक मान हलवतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. केशवसुत तेव्हा जन्मालाही आले नव्हते. ब्राँटे बहिणींनी १८४६ मध्ये स्वतःच्या खर्चाने कवितांचं पुस्तक काढलं ते पुरुषी वाटतील अशी टोपणनावं घेऊन, आणि त्याच्या प्रती खपल्या दोन. त्यानंतर आठच वर्षांनी पुण्यातल्या माळ्याची बायको स्वतःच्या नावाने कवितांचं पुस्तक छापते. खप किती झाला हा प्रश्न मला त्यापुढे किरकोळ वाटतो.

नायगावात वाट विचारावी लागत नाही. गावाचा सगळा व्यवहारच त्या घराभोवती फिरतो असं वाटावं इतक्या पाट्या. बालिका दिनाचा मोठा कार्यक्रम नुकताच उरकला होता. मांडवाचे बांबू अजून रस्त्याकडेला रचलेले, कमानीवरचे झेंडू सुकून तपकिरी झालेले. घराची डागडुजी करून स्मारक केलं आहे. आत तिच्या आयुष्यातले प्रसंग मांडलेले. शेण-दगड झेलत शाळेला जाणं, मुलींना शिकवणं, प्लेगच्या साथीत पाठीवरून मूल आणणं. प्रत्येक ठिकाणी ती शिकवते आहे, सोसते आहे किंवा सेवा करते आहे. लिहायला बसलेली सावित्रीबाई मी शोधत होते.

एक सहल आली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, पोटऱ्यांपर्यंत धुळीने माखलेले मोजे. बाई “हात लावू नका गं कशाला!” म्हणून ओरडत होत्या. भिंतीशी उकिडवी बसून एक मुलगी वहीत काहीतरी उतरवून घेत होती. ती प्रत्येक शब्द आधी ओठांत म्हणायची, मग लिहायची, आणि पेन्सिलीचं टोक बोथट झालं की ते उंबऱ्याच्या दगडावर घासायची. मी तिला विचारलं, सावित्रीबाईंची एखादी कविता येते का? “येती की,” म्हणाली आणि उभी राहून, हात मागे बांधून, शिकण्याविषयीची एक कविता तिने एका दमात म्हणून टाकली. दुसरी? फुलांवरची? तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. “स्पर्धेला हीच असते,” त्या म्हणाल्या.

दोष त्यांचा नाही. आपणच सावित्रीबाईंच्या कवितेला कामाला जुंपलं आहे. ‘काव्यफुले’मध्ये एक्केचाळीस कविता आहेत. त्यांत शिका, इंग्रजी शिका, अज्ञान झाडा असं सांगणाऱ्या आहेतच, आणि त्या तिच्या काळात धारदार होत्या. पण पिवळा चाफा आहे, जाईचं फूल आहे, फुलपाखरू आणि कळी आहे. ‘माझी जन्मभूमी’ नावाची कविताही आहे, याच मातीवरची. अभंग, अनुष्टुभ असे घाट ती हाताळून बघते. सगळ्या कविता सारख्या उतरलेल्या नाहीत, काही ठिकाणी यमकासाठी ओढाताण दिसते. पण जाई आणि चाफा यांच्याकडे बघणारी नजर शाळामास्तरणीची नाही. फुलात रमलेल्या, मग त्यातून माणसाच्या वागण्याकडे वळणाऱ्या बाईची आहे. पुतळ्याच्या हातात आपण पुस्तक देतो, ते कुणाचं तरी पाठ्यपुस्तक असतं. तिचं स्वतःचं असू शकतं हे आपल्या मनातच येत नाही. मराठी कवितेच्या इतिहासकारांनीही तिला बराच काळ दाराबाहेर उभं केलं. डॉ. मा. गो. माळी यांनी समग्र वाङ्मय संपादित केल्यावर १९८८ च्या सुमारास ते दार थोडं किलकिलं झालं.

आणि मग तिची पत्रं. मला विचाराल तर तिचं उत्तम गद्य तिथे आहे. १८५६ साली आजारपणात ती इथे माहेरी आली होती. तेव्हाच्या पत्रात भावाशी झालेला वाद आहे. तुम्ही नवराबायको हलक्या जातींसाठी भलतंच काम करता, असं भाऊ म्हणतो. ती त्याला ऐकवते, आणि हे सगळं नवऱ्याला कळवते. १८६८ चं पत्र तर कथाच आहे. पोथी वाचत गावोगाव हिंडणारा गणेश नावाचा ब्राह्मण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचं प्रेम जमतं, तिला दिवस जातात. गाव खवळतो. दोघांना मारायला काढतात. सावित्रीबाईंच्या कानावर जातं, ती धावत जाते, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालते आणि दोघांचा जीव वाचवते. गाव सोडून जाण्याच्या बोलीवर जमाव शांत होतो. राणीच्या कायद्याचा उल्लेख त्या प्रसंगी हत्यारासारखा येतो, आणि वापरणारी बाई घाबरलेली नाही. प्रसंग उभा करण्याची हातोटी, संवाद, शेवटी जोतिरावांकडे त्या दोघांची पाठवणी… पुढे कादंबरीकार झालेले हरिभाऊ आपटे तेव्हा चार वर्षांचे होते. एवढं सगळं एका पत्रात बसवणाऱ्या बाईने कादंबरी लिहिली असती तर?

कादंबरी लिहिणारी बाई दक्षिणेला होती. तिच्यासाठी खंबाटकी घाट चढून साताऱ्याला जावं लागतं. साताऱ्यात मी मुक्कामापुरतीच होते. अजिंक्यतारा, कंदी पेढे, राजवाड्यासमोरची संध्याकाळची गर्दी, हे सगळं वेगळ्या लेखाचं काम. एवढंच सांगते की १८४८ साली साताऱ्याचं राज्य वारस नाही म्हणून कंपनीने खालसा केलं, आणि त्याच साली साताऱ्याकडची सावित्रीबाई पुण्यात शाळेचं दार उघडत होती. सातारा जिल्हा तेव्हा आताच्यापेक्षा खूप खाली पसरला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये त्याचा दक्षिणेकडचा तुकडा आणि आजूबाजूची पटवर्धनी संस्थानं मिळून ‘दक्षिण सातारा’ झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली. त्यामुळे आष्ट्यात जन्मलेल्या माणसाचा जिल्हा जुन्या पुस्तकांत सातारा आणि नव्यांत सांगली लागतो. दोन्ही बरोबर.

कऱ्हाड गेलं की उसाचा प्रदेश सुरू होतो. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर उसाचं डोंगराएवढं ओझं, आणि त्यामागे आमची एसटी हॉर्न वाजवत, निमूट. पेठ नाक्यावर महामार्ग सुटतो. इस्लामपूरचं नाव आता ईश्वरपूर झालं, पण कंडक्टरच्या तोंडी अजून जुनंच आहे. आष्ट्याला उतरले तेव्हा उन्हं चढली होती. चौंडेश्वरीची भावई, कृष्णाकाठची वांगी, यासाठी हे गाव ओळखलं जातं. स्टँडसमोर टपरीवर मी चहा घेतला आणि म्हाताऱ्याशा एका गृहस्थांना विचारलं, इथल्या काशीबाई कानिटकरांबद्दल काही ठाऊक आहे का?

“कानिटकर?” त्यांनी टोपी मागे सारली. “कानिटकर न्हाईत बगा हितं. कोन म्हनायच्या त्या? मास्तरीन व्हत्या?”

“लेखिका होत्या. माहेरच्या बापट.”

“कवाची गोस्ट?”

“जन्म १८६१ चा.”

ते हसले. “मग तुमी लईच उशीर केला की ताई!” आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. शेजारच्या पोराने तोवर मोबाईलवर नाव शोधून काढलं होतं. “हाय, हाय! आष्टाच लिवलंय,” तो म्हणाला, आणि टपरीवरच्या चारपाच जणांनी आळीपाळीने तो फोन हातात घेऊन काशीबाईंचा फोटो बघितला. मला गावात कुठे तिच्या नावाची पाटी दिसली नाही. पण त्या फोनभोवती जमलेल्या डोक्यांत जी उत्सुकता होती, तिच्यापुढे पाटीचं काय घेऊन बसलात.

काशीबाई २० जानेवारी १८६१ ला इथल्या सुखवस्तू ब्राह्मण घरात जन्मली. लग्न नवव्या वर्षी. नवरा सोळाचा. पुण्याचे गोविंद वासुदेव कानिटकर, पुढे न्यायखात्यात गेले, कवी होते, ‘अकबर काव्य’ लिहिलं, जॉन स्टुअर्ट मिलचं स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचं पुस्तक मराठीत आणलं. म्हणजे ‘व्हिक्टोरियन कवी आणि कादंबरीकार’ हा जोडा कानिटकरांच्या एकाच घरात नांदत होता. सावित्रीबाई आणि काशीबाई यांच्यात तीस वर्षांचं अंतर आणि जातीची भिंत. तरी दोघी नवव्या वर्षी बोहल्यावर उभ्या राहिल्या. दोघींच्या शिकण्यामागे नवरा उभा होता. इथवर सारखेपणा. पण जोतिरावांनी शिकवलं ते दुसऱ्यांना शिकवण्यासाठी, आणि गोविंदरावांना हवी होती शिकलेली, आपल्याशी बोलू शकेल अशी बायको. पहिलीला रस्त्यावरच्या लोकांनी छळलं, दुसरीला घरातल्यांनी टोमणे मारले. एकत्र कुटुंबात सुनेने पुस्तक हातात घेणं म्हणजे वडीलधाऱ्यांचा अपमान. काशीबाई शाळेत कधी गेलीच नाही. चोरून, जमेल तसं, मराठी, मग संस्कृत, मग इंग्रजी वाचत गेली. आपल्याला शिकवणाऱ्याच्या पुढे शिष्याने जावं, हे घरातल्या घरात किती नाजूक प्रकरण असतं ते तिच्या आत्मचरित्रातून कळतं. सरोजिनी वैद्यांनी ते संपादून, त्याला चरित्राची जोड देऊन छापलं. मीरा कोसंबींनी पुढे तिच्यावर इंग्रजीत पुस्तक केलं. मराठी वाचकाने तिच्याबद्दल इंग्रजीतून वाचावं, हाही एक न्यायच.

तिचं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या, चरित्र १८८९ मध्ये आलं. आनंदीबाईंच्या पत्रांवर ते उभं आहे. गोपाळराव जोशी हयात होते. त्यांच्या विक्षिप्तपणावर काशीबाईंनी पांघरूण घातलं नाही, हे त्या काळात केवढं धाडस! बायकोला अमेरिकेला धाडणारा नवरा म्हणून सगळा सुधारक वर्ग ज्याला डोक्यावर घेत होता, त्याच्याशी संसार करताना त्या मुलीचं काय झालं, हे एका बाईने दुसऱ्या बाईबद्दल लिहून ठेवलं.

‘रंगराव’ ही तिची कादंबरी ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातून येऊ लागली. पुस्तक होऊन यायला पुढचं शतक उजाडावं लागलं. ती ‘पहिली स्त्री कादंबरीकार’ असं सर्रास म्हणतात. साळूबाई तांबवेकरांचं ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ १८७३ चं, तेव्हा पहिलेपणाचा हट्ट सोडावा. काशीबाईचं मोठेपण वेगळं आहे. हरिभाऊ आपटे तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, घरोब्याचे. दोघं एकमेकांचं लिखाण वाचत, पत्रं लिहीत, वाद घालत. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये येऊ लागली. यमूच्या तोंडून सांगितलेली ती कादंबरी वाचून लोक थक्क झाले: पुरुषाला हे बायकांच्या मनातलं कळलं कसं? अहो, विचारून कळलं असेल! स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या बोळात काय चालतं हे ठाऊक असलेली, हातात लेखणी असलेली एक मैत्रीण त्यांना होती. हरिभाऊंची प्रतिभा मी नाकारत नाही. यमू आजही वाचताना घसा दाटून येतो. पण यमूसारखीच लहान वयात सासरी गेलेल्या बाईने जे लिहिलं ते आपण वाचतो का, एवढंच विचारते.

‘पालखीचा गोंडा’ १९२८ ची, काशीबाई सदुसष्ट वर्षांची असतानाची. एका छोट्या संस्थानाच्या मंदबुद्धी राजाशी फसवून लग्न लावलेली मुलगी कारभार हाती घेते आणि बायकांच्या हातून राज्य चालवून दाखवते. आष्ट्याच्या टपरीवर बसून मला हे कथानक अजिबात हवेतलं वाटेना. आजूबाजूला सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, कुरुंदवाड, जत, औंध. कुठलाही रस्ता धरा, दोन तासांत तीन राजांची हद्द ओलांडली जायची. इतके राजे असतील तर एखादा खुळा निघणारच, आणि एखादी राणी शहाणी. कृष्णेपलीकडच्या किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक सुरू झालं, ‘पालखीचा गोंडा’नंतर दोनच वर्षांनी. तोवर काशीबाई साहित्यापेक्षा थिऑसफीत जास्त रमली होती. ती वारली ३० जानेवारी १९४८ ला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या कुणाच्या मृत्यूला जागा नव्हती.

सांगलीत उतरून मी हरिपूरला गेले. चिंचांच्या सावलीतून जाणारा रस्ता, शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वर. हरिपूर हळदीच्या पेवांचं. जमिनीत खोल खोदलेली ही कोठारं, वरचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. भरून, बुजवून टाकलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्या व्यवहाराचा कणाच मोडला. मी आले होते ते गोविंद बल्लाळ देवलांसाठी. १८५५ मध्ये इथेच जन्मलेल्या देवलांचं ‘शारदा’ नाटक १८९९ चं. म्हाताऱ्या भुजंगनाथाला पोटची पोर विकायला निघालेला कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित, आणि बोलू न शकणारी शारदा. सांगली नाटकवेडी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथल्याच राजासमोर, आणि राणी व्हिक्टोरिया गेली त्याच साली, १९०१ मध्ये, भावेही गेले. शारदेची पदं अजून कुठल्या ना कुठल्या हौशी मंडळींच्या तोंडी असतात. संगमावर मला भेटलेल्या पुजाऱ्यांनी न विचारता एक गुणगुणून दाखवलं, तेही सुरात.

देवल आणि हरिभाऊ, दोघांनी बालविवाहाची गोष्ट सांगितली आणि ती अजरामर झाली. ती गोष्ट जिच्या अंगावरून गेली होती तिने सांगितली, तेव्हा ती कपाटात गेली. माझी तक्रार देवलांवर नाही, त्यांनी तर नाटकात शारदेची बाजू घेतली. तक्रार आपल्या वाचनावर आहे. पुरुषाने बाईचं दुःख लिहिलं की आपल्याला ते वाङ्मय वाटतं, आणि बाईने लिहिलं की पुरावा. नायगावात कविता पुतळ्याच्या पायाशी ठेवली, आष्ट्यात कादंबरीचा मागमूस नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून सांगलीत एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरले. २०१९ च्या पुराची खूण भिंतीवर अजून होती, माझ्या खांद्याच्या वर. त्याखालची सगळी पुस्तकं तेव्हा गेली, मालक म्हणाले. ‘शारदा’ लगेच मिळालं, ‘पण लक्षात कोण घेतो’च्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. ‘काव्यफुले’ नव्हतं, समग्र वाङ्मयाची एक प्रत येऊन गेली म्हणे, एका शिक्षिकेने नेली. मी काशीबाईंची कादंबरी विचारली.

“नाव काय म्हणालात?”

“पालखीचा गोंडा.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “ते गणपती पेठेत मिळेल बघा, ताई. पूजेच्या सामानाच्या दुकानात. लाल पाहिजे का भगवा?”